न बोलावलेला पाहुणा, तीन घरांचा!

दोस्तांनो, आजची गोष्ट जेवणाच्या पानापासून सुरू करू या.

थायलंड हा देश नकाशात शोधा पाहू. सापडला? आता त्याच्या ईशान्य कोपऱ्यावर बोट ठेवा. या भागाला 'इसान' म्हणतात. नजर जाईल तिथं भातखाचरं, मधे मधे तळी आणि मातीचे बांध. आपल्या कोकणात पावसाळ्यात दिसतं ना, तसंच काहीसं. दुपारी कामं आटोपली की इथले शेतकरी तळ्यातून बोटभर लांबीचे मासे पकडून आणतात. ते बारीक चेचायचे, त्यावर लिंबू पिळायचं, मिरची घालायची, भाजून भरडलेले तांदूळ भुरभुरायचे आणि चिकट भाताच्या गोळ्याबरोबर खायचे. पदार्थाचं नाव 'कोई प्ला'.

चूल नाही, तवा नाही, उकळी नाही. मासा अगदी कच्चा!

"शी, कच्चा मासा?" असं नाक मुरडू नका हं. आपल्याला ठेचा-भाकरी जेवढी प्रिय, तेवढाच त्यांना हा पदार्थ. आजोबांनी खाल्लाय, पणजोबांनी खाल्लाय. लिंबाच्या रसानं माशाचा रंगही पांढरट होतो, त्यामुळे तो शिजल्यासारखाच दिसतो. मग बिघडलं कुठं?

बिघडतं ते फार पुढं. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यात नाही, कधी कधी तर वीस-तीस वर्षांनी. कारण त्या घासाबरोबर एक पाहुणा पोटात गेलेला असतो. न बोलावलेला, न दिसणारा आणि एकदा आला की वर्षानुवर्षं मुक्काम ठोकणारा.

पाहुण्याची ओळख

या पाहुण्याचं शास्त्रीय नाव आहे 'ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी'. बाप रे! जीभ अडखळली ना? आपण त्याला सरळ 'यकृताचा कृमी' म्हणू. हा चपटा, पानासारखा आणि जेमतेम सात मिलिमीटर लांब असतो. म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढा! अशा चपट्या, पानासारख्या कृमींना मराठीत 'पर्णकृमी' म्हणतात. नाव किती चपखल आहे, नाही?

हा राहतो कुठं? आपल्या पोटात उजव्या बाजूला यकृत असतं. यकृतात पित्त तयार होतं आणि बारीक बारीक नळ्यांतून ते आतड्याकडे येतं. या नळ्यांना पित्तनलिका म्हणतात. हा कृमी नेमका तिथंच बिऱ्हाड थाटतो. तोंडाजवळ एक आणि पोटाशी एक अशा दोन चूषकांनी तो नळीच्या भिंतीला चिकटून बसतो. दहा दहा वर्षं तो तिथं राहू शकतो.

जो दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्या जिवावर जगतो, त्याला परोपजीवी म्हणतात. आणि ज्याच्या घरी तो राहतो, तो झाला यजमान. आपल्याकडे यजमान पाहुण्याला आग्रह करकरून वाढतो. इथं मात्र यजमानाला पत्ताही नसतो आणि पाहुणा आपला जेवतोय!

त्याच्या नावाचीही एक गंमत आहे. १८८६ साली पॉयरिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं या कृमीचं पहिलं वर्णन केलं. पण त्याला तो माणसात सापडला नव्हता, सापडला होता एका मांजरात! पाण्यात उतरून मासे पकडणारं एक रानमांजर असतं. त्या मांजराच्या शास्त्रीय नावावरून कृमीचं नाव पडलं 'व्हिव्हेरिनी'. मासे खाणाऱ्या मांजरात हा कृमी यावा, यातच पुढच्या रहस्याचा धागा होता. पण तो उलगडायला बराच वेळ लागला.

मेंढ्यांनी घातलेलं कोडं

आता थोडं मागं आणि थोडं दूर, इंग्लंडला जाऊ या. १८७९-८० चा हिवाळा. त्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, कुरणं पाणथळ झाली होती आणि मेंढ्या पटापट मरत होत्या. थोड्याथोडक्या नाहीत, सुमारे तीस लाख! मेलेल्या मेंढ्यांच्या यकृतात चपटे, पानासारखे कृमी सापडायचे. आपल्या थायलंडच्या पाहुण्याचाच हा एक मोठा चुलतभाऊ.

पण हा कृमी मेंढीच्या पोटात जातो कसा? मेंढी तर गवत खाते. गवतात कृमी दिसत नाहीत. एका मेंढीतून दुसऱ्या मेंढीत तो सरळ जातही नाही. मग मधे कोण आहे?

ऑक्सफर्डमधल्या अल्जरनॉन थॉमस नावाच्या तरुणाकडे हे काम आलं. वय किती असेल? अवघं तेवीसच्या आसपास! तो चिखल तुडवत कुरणांतून हिंडला आणि तिथले लहान लहान प्राणी तपासत राहिला. अखेर एका इवल्याशा गोगलगायीच्या अंगात त्याला कृमीची पिल्लं सापडली. त्याच वेळी जर्मनीत रुडॉल्फ लॉयकार्ट हे नावाजलेले प्राध्यापकही त्याच कोड्यामागे होते. दोघांनी स्वतंत्रपणे काम केलं आणि १८८३ पर्यंत उत्तर जगापुढं आलं. कृमीचं अर्धं आयुष्य मेंढीत जातं आणि अर्धं गोगलगायीत! मेंढी आणि गोगलगाय, दोघींवाचून त्याची पिढी पुढं सरकत नाही.

विचार करा मुलांनो, गोगलगाय! जी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. "गोगलगाय अन् पोटात पाय" असं आपण म्हणतो. इथं तर गोगलगायीच्या पोटात पाय नव्हे, अख्खी पलटणच निघाली!

पुढं जपानमध्ये हारुजिरो कोबायाशी यांनी अशाच एका कृमीवर काम केलं. हा पूर्व आशियातला, थायलंडच्या कृमीचा सख्खा भाऊ म्हणा ना! १९१० च्या सुमारास त्यांनी दाखवलं की याच्या आयुष्यात गोड्या पाण्यातला मासाही असतो. म्हणजे दोन नव्हे, तीन घरं झाली. गोगलगाय, मासा आणि माणूस.

तीन घरांचा प्रवास

आता थायलंडच्या तळ्याकाठी परत या. एका अंड्याच्या मागं मागं जाऊ.

पहिला टप्पा पाण्याचा. कृमी माणसाच्या पित्तनलिकेत अंडी घालतो. ती शौचावाटे बाहेर पडतात. शौचालय नसेल, माणसं उघड्यावर बसत असतील किंवा मैला नीट जिरवलेला नसेल, तर पावसाच्या पाण्याबरोबर अंडी तळ्यात आणि भातखाचरात जातात. अंडी इतकी बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसायचीच नाहीत.

दुसरा टप्पा गोगलगायीचा. पाण्यात अंडं आपण होऊन उबत नाही. ते तळाशी पडून वाट पाहतं. बिथिनिया नावाची एक छोटी गोगलगाय तळातला गाळ खाता खाता ते गिळते. मग आतली अळी बाहेर येते आणि भलतंच काहीतरी सुरू होतं. एका अळीतून अनेक, त्या अनेकांतून आणखी अनेक! आपण वहीत गुणाकार करतो, ती गोगलगायीच्या पोटात करते. सहा ते आठ आठवड्यांनी शेपटीवाल्या अळ्या गोगलगायीतून बाहेर पडू लागतात. पाण्यात पडलेल्या एका अंड्यापासून अखेर हजारो अळ्या! बिचारी गोगलगाय मात्र पोखरून निघते. बरेचदा तिला स्वतःची अंडी घालणंसुद्धा जमत नाही.

तिसरा टप्पा माशाचा. शेपटीवाल्या अळीकडे वेळ फार थोडा असतो. एक-दोन दिवसांत मासा गाठला नाही, तर खेळ खलास. मासाही कुठलाही चालत नाही. आपले रोहू-कटला ज्या कार्प कुळातले, त्या कुळातले छोटे मासे तिला लागतात. मासा जवळ आला की ती त्याला चिकटते, शेपूट टाकून देते आणि आत शिरते. मग स्वतःभोवती एक गोल कोष बनवून गप्प बसते. साधारण तीन आठवड्यांत ती पुढच्या प्रवासाला तयार होते.

चौथा टप्पा आपला! तो मासा कच्चा खाल्ला की पोटातल्या पाचक रसांनी कोष विरघळतो. अळी बाहेर येते, वाट काढत पित्तनलिकेत पोचते आणि महिन्याभरात मोठी होऊन अंडी घालायला लागते. माणसाऐवजी मांजर किंवा कुत्रं असेल, तरी तिचं काम भागतं.

झालं चक्र पूर्ण! आता पेन्सिल घ्या आणि वहीच्या मागच्या पानावर एक मोठं वर्तुळ काढा. त्यावर चार चित्रं काढा : अंडं, गोगलगाय, मासा, माणूस. मधे बाण दाखवा. मग मला सांगा, हे चक्र तोडायचं असेल, तर तुम्ही कुठं घाव घालाल? उत्तर लिहून ठेवा. थोड्या वेळानं ताडून पाहू.

मासा नाचतो, बगळा येतो

तोवर एक अजब गोष्ट ऐका. ही थायलंडची नाही, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. तिथं समुद्रकाठी कार्पिन्टेरिया नावाची खारी दलदल आहे. तिथल्या एका कृमीलाही तीन घरं लागतात. आधी गोगलगाय, मग किलीफिश नावाचा छोटा मासा आणि शेवटी मासे खाणारा पक्षी. आता माशातून पक्ष्यात जायचं, तर पक्ष्यानं तो मासा पकडायला हवा. पण कुठला मासा आपण होऊन पक्ष्याच्या चोचीत जाईल?

केव्हिन लॅफर्टी आणि किमो मॉरिस या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. या कृमीच्या अळ्या माशाच्या मेंदूवर जाऊन बसतात. मग मासा मधूनच वळवळतो, झटके देतो, कुशीवर होतो, पृष्ठभागाजवळ येऊन चमकतो. शास्त्रज्ञांनी मोजलं, तेव्हा कृमी असलेले मासे असे चाळे निरोगी माशांच्या चौपट करत होते!

मग त्यांनी दलदलीत माशांसाठी कुंपणं घातली. एक वरून जाळीनं झाकलं, एक पक्ष्यांसाठी उघडं ठेवलं. दोन्हींत निरोगी आणि कृमी असलेले मासे मिसळून सोडले. काही दिवसांनी उरलेले मासे मोजले. काय दिसलं असेल? उघड्या कुंपणात निरोगी मासे बहुतेक शाबूत होते आणि कृमीवाले मात्र पक्ष्यांनी टिपून नेले होते. कृमीवाले मासे पक्ष्यांच्या तोंडी पडण्याचं प्रमाण दहा ते तीस पट होतं!

म्हणजे कृमी जणू माशाला नाचवतो आणि पक्ष्याला म्हणतो, "या, पान वाढलंय!"

आणि प्रयोग किती साधा होता, तो पाहा. दोन कुंपणं, एक जाळी आणि मोजणी. झाकलेलं कुंपण कशाला, असा प्रश्न पडला का? तिथले मासे पक्ष्यांशिवाय दुसऱ्याच कशानं मेले तर नाहीत ना, हे तपासायला! असा तुलनेचा गट ठेवल्याशिवाय कुठलाही प्रयोग खरा धरता येत नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तुम्ही काही करणार असाल, तर हे जरूर लक्षात ठेवा.

आई-वडील गमावलेला डॉक्टर

आता परत इसानला. इथं मात्र गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

कृमी पित्तनलिकेत वर्षानुवर्षं राहिला की नळीच्या आतल्या भिंतीला सारखी इजा होते, सूज येते. भिंत भरून येते, पुन्हा दुखावते. असं वर्षामागून वर्षं चालतं. कृमी स्वतःच्या अंगातून काही पदार्थही सोडतो. त्यातल्या एका प्रथिनामुळे आसपासच्या पेशी भराभर वाढतात, असं शास्त्रज्ञांना आढळलं आहे. या सगळ्यातून काही जणांना पुढं पित्तनलिकेचा कर्करोग होतो. सगळ्यांना होतो असं नाही. पण ज्यांना होतो, त्यांना बरेचदा फार उशिरा कळतं. दुखत नाही, खुपत नाही आणि कळतं तेव्हा उपाय थोडेच उरलेले असतात. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या कृमीचं नाव माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं. तंबाखूचा धूर ज्या गटात आहे, त्याच गटात! थायलंड, लाओस आणि आसपासच्या देशांत मिळून अंदाजे एक कोटी लोकांच्या शरीरात हा कृमी असावा, असं तज्ज्ञ सांगतात. ईशान्य थायलंड हा तर या कर्करोगाचं जगातलं सगळ्यात मोठं ठाणं मानला जातो.

खोन केन हे इसानमधलं मोठं शहर. तिथल्या विद्यापीठातले एक सर्जन म्हणजे डॉ. नारोंग खुंतिकेव. त्यांचे आई-वडील दोघंही याच कर्करोगानं गेले. त्या घरातही कोई प्ला खाल्लं जायचं. मुलगा याच आजारावर शस्त्रक्रिया करणारा आणि घरातच ही वेळ! दोस्तांनो, काय वाटलं असेल त्यांना?

पण ते हात बांधून बसले नाहीत. रुग्ण आपल्याकडे येईपर्यंत उशीर झालेला असतो, हे त्यांनी ओळखलं होतं. मग आपणच गावात जायचं! सोनोग्राफीचं यंत्र घेऊन ते आणि त्यांचे सहकारी खेड्यापाड्यांत गेले आणि लोकांची यकृतं तपासू लागले. २०१३ पासून ईशान्य थायलंडमध्ये हा कर्करोग वेळीच शोधण्याची मोठी मोहीम सुरू झाली. आजार लवकर सापडला, तर शस्त्रक्रियेनं माणूस वाचू शकतो.

सगळ्यात अवघड काम मात्र शस्त्रक्रियेचं नव्हतं. ते होतं म्हाताऱ्या माणसांना समजावण्याचं. "आयुष्यभर हेच खाल्लं, आता काय होणार?" असं कुणी म्हणालं, तर काय उत्तर द्याल? तुमच्या आजोबांना तंबाखू सोडा म्हणून सांगून पाहिलंय का कधी? मग कळेल, हे किती कठीण आहे ते.

घाव कुठं घालायचा?

आता ती वही काढा. तुमचं उत्तर काय होतं?

"औषध देऊ," असं लिहिलं असेल, तर शाब्बास. औषध आहे. त्याचं नाव प्राझिक्वांटेल. ते डॉक्टर देतात आणि कृमी मरतात. पण पुढच्याच आठवड्यात पुन्हा कच्चा मासा खाल्ला तर? पाहुणा परत हजर! उलट "गोळी आहे की, मग खायला काय हरकत?" असंच लोकांना वाटायला लागलं तर आणखी पंचाईत.

"गोगलगायी मारून टाकू," असं लिहिलंत? विचार करा. भातखाचरं, कालवे, तळी सगळीकडे त्या आहेत. विष टाकलं तर मासेही मरतील, पाणीही बिघडेल आणि तेच पाणी माणसं वापरतात. शिवाय खरी गंमत पुढंच आहे. शास्त्रज्ञ तळ्यातून गोगलगायी आणतात, एकेक गोगलगाय पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवतात आणि वर दिवा लावतात. गोगलगायीत अळ्या असतील, तर त्या उजेडात बाहेर पडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. अशा शेकडो गोगलगायी तपासाव्यात, तेव्हा कुठं एखादीत अळ्या सापडतात. शंभरात एकही नाही, असंच बहुतेकदा होतं. पण तेवढ्या थोड्या गोगलगायीसुद्धा तळ्यातल्या बहुतेक माशांना पुरून उरतात. गुणाकार आठवतोय ना?

"मासे तपासून घेऊ," म्हणालात? माशातले कोष नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत. प्रयोगशाळेत मासा चेचून आम्ल आणि पाचक रसात ठेवतात, म्हणजे एक कृत्रिम जठरच तयार करतात. मग उरलेल्या साक्यात कोष मोजतात. बाजारात प्रत्येक माशासाठी हे कोण करणार?

"शौचालयं बांधू," लिहिलंत? फार छान! अंडी पाण्यातच गेली नाहीत, तर गोगलगायीला मिळणार काय? पण मांजरं कुठं शौचालयात जातात?

"मासा शिजवून खाऊ," असं लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी! लिंबानं, मिरचीनं, दारूनं कोष मरत नाहीत. नीट शिजवलेल्या माशात ते जिवंत राहत नाहीत. पण सवय एका दिवसात सुटत नाही, हे आपण पाहिलंच.

म्हणजे एकच घाव पुरत नाही. सगळ्या कड्यांवर एकदम घालायला हवा. नेमकं हेच खोन केनजवळच्या लावा तलावाच्या काठी झालं.

लावा तलावाची कमाल

लावा तलावाकाठच्या गावांत एके काळी सरासरी शंभरातल्या पन्नास माणसांच्या पोटात हा कृमी होता. तलावातल्या काही जातींच्या माशांमध्ये तर हे प्रमाण शंभरात सत्तरापर्यंत जायचं. खोन केन विद्यापीठाचे डॉ. बांचोब श्रीपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं काम सुरू केलं. त्यांनी लोकांना तपासून औषध दिलं, मांजरं-कुत्री तपासली, गोगलगायी आणि मासे मोजत राहिले. गावातल्याच आरोग्य स्वयंसेवकांना घरोघर पाठवलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते शाळेत गेले.

हो, शाळेत! मुलांनी कृमीचं चक्र शिकून घेतलं. तुम्ही आत्ता वहीत काढलंत ना, तेच. आजोबांची साठ वर्षांची सवय मोडणं कठीण. पण ज्यांना ती अजून लागलेलीच नाही, त्यांना ती लागू न देणं सोपं. आणि घरात नातवाचं बोलणं आजी-आजोबा डॉक्टरांपेक्षा जास्त ऐकतात, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?

काही वर्षांनी शास्त्रज्ञांनी पुन्हा मोजणी केली. २०१५ साली ते आकडे प्रसिद्ध झाले. दहाहून जास्त गावांत माणसांमधलं प्रमाण पूर्वीच्या साधारण एक तृतीयांशावर आलं होतं. माशांमधलं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. आणि तळ्यातल्या गोगलगायी? तपासल्या, तर एकीतही अळी सापडली नाही!

विष नाही, तळं उपसणं नाही. गोगलगायी तशाच हिंडत होत्या, मासे तसेच पोहत होते. तुटलं होतं ते फक्त चक्र.

आणि आपल्याकडे?

तुमच्या मनात आलेला प्रश्न मला ऐकू आला. "आपल्याला होईल का हो हे?"

घाबरू नका. आपण बांगडा तळतो, सुरमईचं कालवण उकळतो, नदीतल्या माशाचंही झणझणीत कालवणच करतो. आपल्या आजीनं हे शास्त्र पुस्तकात वाचलं नव्हतं, पण "मासा नीट शिजू दे गं" हे तिचं वाक्य लाख मोलाचं आहे.

पण कृमी आणि गोगलगायीची जोडी आपल्याला अगदीच अनोळखी नाही बरं का! १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या गावी डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी एक वेगळा आजार शोधून काढला. त्यात लघवीतून रक्त जायचं. हा आजार आफ्रिकेत पुष्कळ आढळतो. त्यामागंही एक कृमी असतो आणि त्याचीही पिल्लं गोगलगायीत वाढतात. फरक एवढाच, की त्याला मासा लागत नाही. अळी पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून सरळ आत शिरते. गिमवीत संशोधकांनी शोध घेतला, तेव्हा संशय गेला तो टोपीसारखं कवच असलेल्या, नखाहूनही लहान गोगलगायीवर. सत्तर वर्षांपूर्वी कोकणातल्या एका खेड्यात डॉक्टर मंडळी आजाराचा माग काढत गोगलगायीपर्यंत पोचली होती, आहे की नाही अभिमानाची गोष्ट?

आणि तुमच्या घरी गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या असतील, तर बाबांना विचारा. पाणथळ जागी चरणाऱ्या जनावरांना पर्णकृमी होतात आणि कधी कधी त्यांच्या जबड्याखाली सूज येते. तिथंही मधे गोगलगायच असते. म्हणून तर जनावरांचे डॉक्टर वेळच्या वेळी जंताचं औषध पाजायला सांगतात. थॉमसनं दीडशे वर्षांपूर्वी चिखलात शोधलेलं उत्तर आज तुमच्या गोठ्यातही कामी येतंय!

शत्रूच्या हातात मलम?

जाता जाता एक शेवटची गंमत. कृमी एक प्रथिन सोडतो आणि त्यामुळे पेशी वाढतात, असं मघाशी सांगितलं ना? त्याचा एक परिणाम असा, की जखम लवकर भरते. कृमीला ते सोयीचंच. घर पडझडीला आलं, तर भाडेकरू राहणार कुठं? हे पाहून ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कुक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या मनात आलं, की ज्या माणसांच्या जखमा भरतच नाहीत, त्यांना याचा उपयोग करता येईल का? मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची जखम कशी चिघळत राहते, ते तुम्ही घरात कुणाचं पाहिलं असेल. म्हणून या प्रथिनापासून जखमेचं औषध बनवता येईल का, याचा अभ्यास त्यांनी सुरू केला. ज्यानं घरंच्या घरं उजाड केली, त्याच्याकडूनच एखादं मलम मिळालं, तर काय बहार होईल!

तर बालमित्रांनो, पावसाळ्यात एखादी गोगलगाय भिंतीवर दिसली, तर तिला चिरडू नका. ती काही शत्रू नाही, तीही पाहुण्याच्या तावडीत सापडलेली एक यजमानच. तिला बघा, वहीत तिचं चित्र काढा, तारीख लिहा. फक्त हात लावलात, तर साबणानं धुवायला विसरू नका. आणि डबक्यातल्या पाण्यात उगाच खेळू नका.

आणि आई-बाबा, हे पान तुम्हीही वाचत असाल, तर एवढंच सांगायचंय. शौचालयाचा वापर, नीट शिजवलेलं अन्न, जेवणाआधी धुतलेले हात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं वेळेवर घेतलेलं जंताचं औषध. सगळं जुनंच आहे, तुम्हाला पाठच आहे. पण लावा तलावाकाठच्या गावांनी जी लढाई जिंकली, ती याच साध्या गोष्टींनी, आणि शाळेतून घरी आलेल्या मुलांचं बोलणं मोठ्यांनी ऐकलं म्हणून.

तेव्हा आज जेवताना वहीतलं ते वर्तुळ घरी दाखवा. आणि विचारा, "सांगा पाहू, घाव कुठं घालाल?"